कोल्हापुरात सरकारी मदत मिळवायची तर सुरुवात घरातल्या माणसांपासून

आमच्या बचत गटाची बैठक संपली की दोघी-तिघी मागं रेंगाळतात. सगळ्या गेल्या की पिशवीतून कागद बाहेर येतात. "वैनी, ह्यात आमचं काय बसतंय का बघा की." लक्षतीर्थ वसाहतीत, फुलेवाडीत, सदर बाजारात, कुठंही गेलं तरी प्रश्न हाच असतो. योजनांची नावं सगळ्यांना ऐकून माहीत असतात. त्यातली कुठली आपली, हे मात्र कळत नाही.

एवढी वर्षं कागद बघून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. योजनेच्या नावापासून शोधायला लागलं की माणूस भरकटतो. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेली पन्नास योजनांची यादी वाचून डोकं जड होतं आणि हाती काही लागत नाही. सरकारची प्रत्येक मदत घरातल्या एका ठरावीक माणसाला चिकटलेली असते: विधवेला, पासष्टीच्या आजीला, पहिलीत गेलेल्या मुलीला, सेंट्रिंगवर जाणाऱ्या गड्याला. म्हणून आधी माणसं लिहायची, मग कागद जुळवायचे आणि शेवटी दार गाठायचं. हा क्रम सोडला की हेलपाटे सुरू होतात.

वहीचं एक पान

मुलांच्या वहीचं मधलं पान घ्या. घरात जेवणारी जितकी माणसं आहेत, तितक्या ओळी. प्रत्येक ओळीत नाव, जन्मतारीख, काय काम करतं किंवा कितवीला आहे, आजार किंवा अपंगत्व आहे का, बँकेत खातं कुठं आहे. गेलेल्या माणसाचीही एक ओळ लिहा. हे मी मुद्दाम सांगते, त्याचं कारण असं.

आमच्या गल्लीतल्या एका आक्कांचे मालक सेंट्रिंगचं काम करायचे. ४३ व्या वर्षी झोपेतच हार्ट अटॅकनं गेले. मागं आक्का, ७१ वर्षांच्या सासूबाई, अकरावीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. दिवसकार्य झाल्यावर मी गेले, तेव्हा आक्कांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं ठेवला. घरातले सगळे कागद त्यात. तळाला मालकांचं पासबुक होतं. मी शेवटची पानं ओळ-ओळ वाचत गेले, तर मे महिन्याच्या अखेरीला ४३६ रुपये कापल्याची एक नोंद आणि तिच्या खाली २० रुपयांची दुसरी. आक्का म्हणाल्या, "बँकवाल्यांचं काय तरी असंल ते."

ते बँकेचं काही नव्हतं. ४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आणि २० रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा. पहिल्यात कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख मिळतात, दुसऱ्यात फक्त अपघाताला. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. खातं उघडताना कधीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. आक्कांनी मृत्यूचा दाखला, स्वतःचं आधार आणि पासबुक घेऊन बँकेत दाव्याचा अर्ज दिला आणि त्यांना २ लाख मिळाले. कुणी पासबुक वाचलंच नसतं, तर ते तसेच राहिले असते.

तेव्हा घरात कुणी गेलं असेल, तर पहिलं काम पासबुक भरून आणणं. अपघाती मृत्यू असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जपून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्या, कारण पुढं प्रत्येक दारात तो लागतो.

रेशन कार्ड, आधारचं खातं आणि उत्पन्नाचा दाखला

बाकी सगळं या तिघांवर उभं आहे.

रेशन कार्डाबद्दल फार गैरसमज आहेत. केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळणारच असं नसतं. धान्य मिळतं ते राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत नाव असेल तर. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला कुटुंबामागं ३५ किलो, तेही जानेवारी २०२३ पासून फुकट. प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९ हजार आणि गावात ४४ हजार आहे. तुम्ही या मर्यादेत आहात आणि तरी धान्य मिळत नसेल, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत यादीत नाव घालण्यासाठी लेखी अर्ज द्या. तालुक्याला ठरवून दिलेला इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, भरलेला असला तर थांबावं लागतं, पण अर्ज आत असेल तरच पुढं नंबर लागतो. सुनेचं नाव चढवायचं राहिलं, लग्न झालेल्या मुलीचं कमी करायचं राहिलं, बाळाचं घातलंच नाही, असली कामंही याच शाखेत होतात. प्रत्येक माणसाची ई-केवायसी रेशन दुकानात अंगठा लावून करून घ्या. दुकानदारानं धान्य नाकारलं तर १९६७ हा फुकटचा नंबर आहे.

पिवळं कार्ड आणि दारिद्र्यरेषेखालची यादी, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अर्जावर 'दारिद्र्यरेषेचा क्रमांक' विचारला, तर तो ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या यादीतला विचारलेला असतो. कार्ड दाखवून तिथं भागत नाही.

आता आधार. आक्कांच्या सासूबाईंना श्रावणबाळ योजनेचे पैसे यायचे, ते अचानक बंद झाले. चार महिने आज्जी म्हणत होत्या, "माझी पेन्शन सायबानं बंद केली." तहसीलमध्ये विचारलं, तर तिथं पैसे दर महिन्याला जमा झालेले दिसत होते. शेवटी उलगडलं ते असं. आज्जींनी माहेरगावी कधीतरी शून्य शिलकीचं खातं काढलं होतं. आता पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारला जे खातं सगळ्यात शेवटी जोडलंय त्यात जातात, आणि आज्जींच्या आधारला ते माहेरचं खातं जोडलेलं होतं. सगळे पैसे तिथं सुखरूप पडून होते.

म्हणून पैसे बंद झाले असं वाटलं की आधी आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती बघा किंवा सेवा केंद्रात बघायला सांगा. खातं बदलायचं असेल तर ज्या बँकेत पैसे हवे आहेत, तिथं आधार जोडणीचा फॉर्म भरून द्या. नुसतं 'आधार लिंक करा' म्हणू नका. सरकारी अनुदान याच खात्यात यायला हवं, असं स्पष्ट सांगा.

नावाचा घोळ तर बायकांच्या बाबतीत ठरलेलाच. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशन कार्डावर घरात हाक मारतात ते. कुठंतरी 'आक्काताई', कुठंतरी 'अक्काताई'. आपल्याला फरक वाटत नाही, पण संगणक ते नाकारतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा घाईनं दुरुस्ती करू नका. आधी ठरवा, कुठलं नाव पक्कं धरायचं. मग बाकीचे कागद त्याच्याशी जुळवत आणा.

तिसरा कागद उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदारांचा असतो आणि अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून जातो, ज्याला आपल्याकडं अजून सगळे सेतूच म्हणतात. तलाठ्याचा अहवाल लागतो. तलाठ्यांचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण माणूस तोच. दाखल्याची मुदत १५ दिवसांची आहे. एक वर्षाचा हवा की तीन वर्षांचा, ते आधी ठरवा. फी माफीला तीन वर्षांचा मागतात आणि लोक एक वर्षाचा काढून परत रांगेत उभे राहतात. कुणी या दाखल्यासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घ्या म्हणालं तर घेऊ नका. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे.

कुणाच्या ओळीपुढं काय

आता वहीचं पान परत काढा.

एक पालक गेलेलं किंवा दोन्ही नसलेलं १८ वर्षांखालचं मूल घरात असेल, तर सगळ्यात आधी बालसंगोपन योजना. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं ती चालते आणि एका मुलामागं महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडं जातो, घरी चौकशीला माणूस येतो आणि बाल कल्याण समिती मंजुरी देते. मुलाचं आधार, शाळेचा बोनाफाईड, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि पासबुक एवढं जुळवून ठेवा. माझा अनुभव असा की ही योजना सगळ्यात कमी लोकांना माहीत असते आणि विधवा बाईच्या घराला सगळ्यात जास्त आधार तीच देते. दोन मुलांचे महिन्याला साडेचार हजार, म्हणजे खोलीचं भाडं निघालं. पोरीची अकरावी सुटली नाही ती यामुळंच, असं आक्का आजही सांगतात.

विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी, निराधार अशांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे आणि ६५ च्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ. दोन्हींत महिना १,५०० रुपये. अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. ४० टक्क्यांवर अपंगत्व असेल तर ऑक्टोबर २०२५ पासून ही रक्कम २,५०० आहे, पण त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र लागतं. त्याचा अर्ज ऑनलाईन होतो आणि तपासणी सीपीआर या सरकारी दवाखान्यात.

इथं एक मनापासून सांगते. या दोन्ही योजनांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे. अपंगांना ती ५० हजार. २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. तीन घरची भांडी घासणारी बाईसुद्धा त्यात बसत नाही. ही मर्यादा वाढलीच पाहिजे, आणि गटानं, मंडळानं, ग्रामसभेनं तसा ठराव करून आमदारांना दिला पाहिजे. तोवर खोटा दाखला काढायच्या फंदात पडू नका. पुढं चौकशी लागली तर पैसे वसूल होतात आणि मुलाच्या फी माफीला तोच दाखला आड येतो. त्यापेक्षा ज्या मदतीला मर्यादा मोठी आहे, तिकडं ताकद लावा.

आणखी एक: संजय गांधी योजनेचे महिना १,५०० घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे पैसे मिळत नाहीत. दोन्हीकडं अर्ज करून ठेवला तर दोन्हीकडं अडकतं.

घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २० हजार मिळतात. अर्ज संजय गांधी शाखेतच. तिथं जाल तेव्हा दोन्ही फॉर्म एकदम मागा.

मुलगी १ एप्रिल २०२३ नंतर जन्मली असेल आणि कार्ड पिवळं किंवा केशरी असेल, तर लेक लाडकी. जन्माला ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे मिळून १ लाख १ हजार. अर्ज अंगणवाडी सेविकेकडं. पहिल्या बाळंतपणाचे मातृवंदना योजनेचे ५ हजार आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार, ही माहितीही तीच ताई किंवा आशाताई देते. त्यांच्याशी बोलणं ठेवा.

शिकणाऱ्या मुलांसाठी अकरावीनंतरचं बहुतेक सगळं महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर आहे. त्यात मुलींसाठी २०२४ ला झालेला निर्णय लक्षात ठेवा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश फेरीतून नंबर लागला असेल, तर ओबीसी, मराठा आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, तिची चौकशी विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात. दसरा चौकातली बोर्डिंगं ज्या राजानं उभी केली, त्याच्या गावात पैशासाठी शिक्षण सुटता कामा नये, असं मला फार वाटतं.

बांधकामावर जाणाऱ्यांनी बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी करावी. वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, वय १८ ते ६०, आणि नोंदणी फी १ रुपया. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, नैसर्गिक मृत्यूला वारसाला २ लाख असं बरंच त्यात आहे. पण नूतनीकरण चुकवू नका. आक्कांच्या मालकांची नोंदणी झालेली होती, कार्ड डब्यात होतं, फक्त नूतनीकरण राहिलेलं. ते दुसरे २ लाख तेवढ्यानं गेले. ते कार्ड हातात घेऊन आक्का किती वेळ बसल्या होत्या, ते मला विसरता येत नाही.

दवाखाना आला की

यात घाई असते, म्हणून आधीच माहीत असलेलं बरं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुठल्याही रंगाचं रेशन कार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बिनपैशानं होतात. मोठ्या शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सर हे सगळं त्यात येतं. दवाखाना योजनेत हवा आणि आजार यादीत हवा.

दाखल होतानाच आरोग्यमित्राचं, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल गाठा. आधी पैसे भरून मग योजनेत बसवू म्हणाल, तर भरलेले पैसे परत मिळवणं फार अवघड. कुणी 'आमच्याकडं त्या योजनेचे बेड नाहीत' म्हणालं, तर तिथूनच १५५३८८ ला फोन लावा. रेशन कार्ड आणि रुग्णाचं आधार, दोन्हींवर नाव सारखं आहे का हे आजच बघून ठेवा. रात्री दोनला ते बघायला वेळ नसतो. आयुष्मान कार्डही सेवा केंद्रातून आधीच काढून ठेवा.

आजार योजनेच्या यादीत नसेल, तर धर्मादाय दवाखाना. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी फुकट आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायला कायद्यानं सांगितलंय. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत आणि दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. इथंही तहसीलदारांचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. दवाखान्यातल्या समाजसेवकाला भेटून लेखी अर्ज द्या.

कुठल्या दारात

तालुक्याचं काम तालुक्यात होतं. जिल्ह्यात १२ तालुके आहेत आणि चंदगडची माणसं शंभरावर किलोमीटर एसटीनं येऊन कलेक्टर कचेरीत संजय गांधीचा फॉर्म विचारतात, तेव्हा वाईट वाटतं. रेशन, उत्पन्न, संजय गांधी, श्रावणबाळ हे सगळं आपापल्या तहसीलला. कोल्हापूर शहराचं काम करवीर तहसीलकडं येतं. घरकुलाची चौकशी गावात असाल तर ग्रामपंचायत आणि पंचायत समितीत, शहरात असाल तर महापालिकेत. जन्म-मृत्यूचे दाखले शहरात महापालिका देते.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

अर्जाच्या दोन प्रती करा. एक आत, दुसरीवर तारखेसह आवक शिक्का. शिक्का मागायला लाजायचं नाही. "शिक्का मारून द्या साहेब, मला घरी दाखवायचाय," एवढं म्हटलं तरी पुरतं. ऑनलाईन अर्जाची पावती छापून घ्या, तिच्यावरचा क्रमांक वहीत लिहा. सेवा केंद्राच्या भिंतीवर दरपत्रक लावलेलं असतं. त्याच्याहून जास्त मागितलं तर छापील पावती मागा.

२०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आपल्या बाजूचा आहे. त्यातल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. पुढं दुसरं अपील असतं आणि चूक करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नाकारलं असेल तर कारण लेखी मागा. बहुतेक वेळा एखादाच कागद कमी असतो, तोंडी मात्र 'होत नाही' एवढंच सांगतात. तालुक्यात दाद लागली नाही, तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकशाही दिन असतो. आणि कोर्टकचेरीपर्यंत गेलंच, तर बायकांना, मुलांना, अपंगांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा मदतीचा नंबर १५१००.

'दोन हजार द्या, तुमचं काम करून देतो' म्हणणारा माणूस कचेरीबाहेर भेटतोच. अर्ज तुम्हीच भरू शकता किंवा बचत गटातली शिकलेली पोरगी भरून देईल. ओटीपी कुणालाही सांगू नका, कोरा अंगठा कुठंही देऊ नका आणि मूळ कागद कुणाकडं ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत पिशवीत.

त्या पिशवीबद्दल एक शेवटचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सुतारवाड्यातल्या, शुक्रवार पेठेतल्या कितीतरी घरांचे कागद पाण्यात गेले, आणि पंचनाम्याला रेशन कार्ड, आधार, पासबुक हेच तिघं मागितले गेले. मेच्या शेवटी सगळे मूळ कागद जाड प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घाला, प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो दुसऱ्या गावातल्या एका नातेवाइकालाही पाठवून ठेवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की घरातून पहिल्यांदा ती पिशवी हलवायची. आक्कांचा पत्र्याचा डबा आता शेंगदाण्याला आहे, आणि पिशवी पावसाळाभर दाराच्या खिळ्याला.